समोर ओव्हन आलाय, ऐकलंत का?

अहो, ऐकलंत का? जरा इकडे भिंतीशी या. ती कुंडी सरकवा बाजूला. हं, आता बोलता येईल. मोठ्यानं बोलायची सोय नाही हो, समोरच्या काकू गॅलरीत कुरडया वाळत घालतायत आणि त्यांचे कान म्हणजे… जाऊ दे. तुम्ही काय ते लग्नाला म्हणून गावाला गेलात आणि इथं प्राधिकरणात रामायण घडलं. प्राधिकरणच म्हणायचं ना अजून? 2021 साली सरकारनं ते मोडीत काढलं म्हणे, पण 1972 पासूनची जिभेची सवय, ती कोण मोडीत काढणार?

तर काय सांगत होते. समोर ओव्हन आलाय.

म्हणजे आला दिवाळीतच. लेकाच्या कंपनीनं दिला. मागे डिनर सेट दिला होता, त्याच्या आधी कधीतरी कुकर, आणि यंदा एकदम ओटीजी. खोकं तसंच पडून होतं दिवाणाशेजारी. काकू त्याच्यावर पेपर पसरून मेथी निवडायच्या, या डोळ्यांनी पाहिलंय मी. मग एक दिवस सूनबाईंच्या मनात आलं, आता नवीन काहीतरी करू या. सून म्हणजे, तुम्हाला माहितीये, लातूरची. हिंजवडीला जायची, आता निम्मा आठवडा घरूनच काम. दिवसभर त्या लॅपटॉपसमोर हॅलो हॅलो करून पोरीचा जीव विटतो हो. तिला वाटलं, दोन रेसिपी ट्राय कराव्यात, तर त्यात गैर काय? पण सासू घरात असताना सून नवीन पदार्थ करायला घेते ना, तेव्हा तो पदार्थ नसतो, परीक्षा असते. आणि पेपर तपासायला सगळी गल्ली.

पहिल्यांदा म्हणे चॉकलेट चिप कुकीज. आपल्याकडे बिस्किट म्हणतात, पण बिस्किट म्हटलं की तिला राग. कुकीज. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि त्यातली बाई म्हणाली, एक कप मैदा. काकूंनी आपला चहाचा कप दिला काढून, तो कान तुटलेला, पिठात राहतो तो. सूनबाईंनी मैदा घेतला त्यानं. मग बटर घ्यायच्या वेळी कुणीतरी सांगितलं, अहो, अमेरिकेतला कप 240 मिलीचा असतो. मग मोठा मग शोधला. म्हणजे मैदा चहाच्या कपानं आणि बटर-साखर मगानं! काकू म्हणतात कशा, "एवढा मोठा असतो तर कप कशाला म्हणायचं? तांब्या म्हणा." आणि आत जाऊन ‘रुचिरा’ घेऊन आल्या. त्यांची प्रत बघितलीय ना तुम्ही? पानं तुपानं अशी झालीत की धरली तर पलीकडचं दिसतं. 1970 सालचं पुस्तक ते. "आमच्या कमलाबाई ओगल्यांनी बघ," म्हणाल्या, "वाटी नि चमचा, संपलं. वाटी कुठलीही घे, पण सगळ्याला तीच घे." बोलल्या ते शंभर टक्के खरं हो. पण अशा स्वरात बोलल्या की सूनबाईंनी ते पुस्तक बघितलंसुद्धा नाही.

आणि बटर कुठलं घेतलं? ते पिवळं, आपण पावभाजीला लावतो ते. मिठाचं. वर रेसिपीत लिहिलंय म्हणून पाव चमचा मीठ आणखी. बरं, ओव्हन आधी तापवायचा असतो, 180 वर, दहा मिनिटं. ते सगळं केलं तिनं, पोर हुशार आहे. पण बारा मिनिटांनी ट्रे काढला, बोटानं दाबून बघितलं, मऊ. परत आत. परत काढला, परत मऊ. काकू मागून सांगतायत, "अगं, गरम असताना मऊच लागणार, बाहेर काढून गार होऊ दे, आपोआप कडक होईल." छे! ऐकतंय कोण. शेवटी त्या आतच कडक झाल्या. बाहेर येऊन गार झाल्यावर काय झाल्या असतील, तुम्हीच करा कल्पना.

मला कसं कळलं? अहो, आमच्या मावशी दोन्हीकडे कामाला आहेत ना.

आणि ऐका तर. लेकानं बिचाऱ्यानं बायकोचं मन मोडायला नको म्हणून डबाभर कुकीज कंपनीत नेल्या. बसमध्ये वाटल्या. त्यांच्या क्वालिटीतला एकजण आहे, आंबट तोंडाचा, त्यानं म्हणे कुकी उलटीपालटी करून उजेडात धरली, सीटच्या दांडीवर वाजवून बघितली आणि म्हणाला, "रिवर्क होणार नाही. स्क्रॅपला टाका." अख्खी बस हसली. हे आमच्या ह्यांना भोसरीतल्या कुणीतरी सांगितलं. म्हणजे बघा, बातमी गेली कुठं आणि आली कुठून.

पण खरा घाव घातला तो कोपऱ्यावरच्या वहिनींनी. त्या आल्या होत्या "सहज". त्या सहज कुठं जात नाहीत, हे मी तुम्हाला सांगायला नको. घरी बेकिंगचे क्लासेस घेतात ना, दारावर बोर्ड आहे, एप्रन घालूनच दार उघडतात. कयानीसारखी श्रुजबरी शिकवते म्हणतात. आता कॅम्पातली कयानी बेकरी 1955 पासूनची, तिची श्रुजबरी कुणाला जमलीय का घरात? पण फी घेतात हो. तर त्यांनी एक कुकी उचलली, एक कोपरा दातांखाली धरला, तो निघाला नाही म्हणून चाटल्यासारखं केलं, आणि म्हणाल्या, "अय्या, खारी बिस्किटं छान जमलीत हं!" सुनेचा चेहरा असा उतरला… आणि गंमत म्हणजे काकूंचाही उतरला. तिथं मला कळलं, आता प्रकरण घराबाहेर गेलं. सून आपली असेल नसेल, पण कोपऱ्यावरच्या वहिनींसमोर ती आपलीच.

त्या रात्री सासू-सुना एक झाल्या म्हणे. सुनेनं काकूंना त्या मूळ कुकीची गोष्ट सांगितली. अमेरिकेत रूथ वेकफिल्ड म्हणून बाई होती, टोल हाऊस नावाचं खानावळवजा हॉटेल चालवायची. 1938 च्या सुमारास तिनं पिठात चॉकलेटचे तुकडे घातले, ती ही कुकी. मग नेस्लेवाल्यांनी तिच्याकडून रेसिपी घेतली आणि बदल्यात म्हणे जन्मभराचं चॉकलेट दिलं. काकूंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "शहाणी बाई. फुकट नाही दिली." हे वाक्य लक्षात ठेवा बरं का, पुढे कामाला येणार आहे.

आणि मग काकूंनी नानकटाई काढली. म्हणजे विषय काढला.

तुम्हाला आठवतं का हो, दिवाळीच्या आधी बेकरीत जायचं ते? काकू तेव्हा एचए कॉलनीत राहायच्या. सासरे एचएमध्ये, पेनिसिलिनचा कारखाना तो, 1954 सालचा, त्या वेळी पिंपरी म्हणजे एचए नि एचए म्हणजे पिंपरी. तर घरून सगळं सामान न्यायचं. मैदा, रवा, पिठीसाखर, वेलदोडे कुटून, आणि तूप. तूप डब्यात, डबा पिशवीत, पिशवी मांडीवर. बेकरीवाल्याचे पाव भाजून झाले की मग आपला नंबर, म्हणजे रात्रच व्हायची. तो किलोवर मजुरी घ्यायचा. काळे पडलेले पत्र्याचे ट्रे द्यायचा, बायका पोरांना घेऊन तिथंच फरशीवर बसून गोळे करायच्या, वर चारोळी नाहीतर पिस्त्याचा काप दाबायच्या. नि सगळ्या बायकांचं लक्ष कुठं? तुपाकडे! आपलं साजूक तूप आपल्याच ट्रेत जातंय का, की शेजारणीच्या डालड्याशी अदलाबदल होतीय. काकू सांगतात, एका वर्षी एका बाईचा ट्रे आत गेला तोवर ती भट्टीच्या तोंडाशी उभी होती, घामानं कुंकू गालावर आलं, पण हलली नाही. आणि घरी येताना सायकलच्या कॅरिअरला डबा बांधलेला, वास अख्ख्या कॉलनीभर. कुणाकडे नानकटाई झाली ते सांगायला लागायचं नाही.

तो नानकटाईचा मूळ शोध म्हणे सुरतेचा. डच लोकांची बेकरी होती तिथं, ते गेले आणि ती दोतीवाला नावाच्या पारशाकडे आली, त्याच्याकडून ही निघाली. म्हणजे तीही बाहेरचीच. पण काकूंसमोर हे बोलू नका.

हं, तर काय सांगत होते… गुरुवार!

आपल्या पट्ट्यात गुरुवार म्हणजे काय, सगळंच त्या एका दिवसावर. राज्यात सगळ्या कारखान्यांची सुट्टी एकाच दिवशी नको म्हणून विजेच्या हिशेबानं वाटून दिलेली सुट्टी, ती आपल्या वाट्याला गुरुवारची आली. म्हणजे नवरा घरी गुरुवारी. पाहुणे गुरुवारी. दुरुस्तीसाठी लाईट जाते ती गुरुवारी, पाणीही नेमकं त्याच दिवशी ओढाताणीचं. आणि त्याच गुरुवारी दत्ताचा नि स्वामींचा वार, अंडं नाही, मटण नाही, काकूंचा तर उपास, रात्री सोडायचा. म्हणजे जेवणावळ घालायला दिवस मोकळा तो एक, आणि त्या दिवशी ना वीज ना अंडं. अशात लेकानं साहेबाला जेवायला बोलावलं.

साहेब कुठला? कोरियन! आधी बघा ना, 2009 साली चाकणला फोक्सवॅगन सुरू झाली तेव्हा सगळीकडे जर्मन दिसायचे, मॉलमध्ये ते उंच उंच लोक ट्रॉली ढकलत. आता तळेगावला जनरल मोटर्सचा जुना कारखाना घ्यायचा करार 2023 मध्ये ह्युंदाईनं केला, तेव्हापासून जिकडे तिकडे कोरियनांचीच चर्चा. हा साहेब काही ह्युंदाईचा नव्हे, दुसऱ्याच सुट्या भागांच्या छोट्या कंपनीतला, लेकाच्या कंपनीचं त्यांच्याशी काम चालतं. एकटाच राहतो, घरचं जेवण मिळत नाही, म्हणून लेकाच्या तोंडून निघून गेलं, "या एकदा." त्यानं लगेच डायरी काढून तारीख लिहिली! आपण म्हणतो "या एकदा", ते काय तारीख लिहायला म्हणतो का?

सून म्हणाली, मी गिंबाप करते. सुशीसारखं दिसतं, पण त्यात व्हिनेगर नसतं, भाताला मीठ आणि तिळाचं तेल. समुद्री शेवाळाच्या कागदात भाजी नि भात गुंडाळायचा आणि चकत्या कापायच्या. शेवाळाचं पाकीट ऑनलाईन मागवलं. काकूंनी ते उघडून वास घेतला मात्र… सुक्या मासळीचा वास हो! गुरुवारी! मावशी सांगत होत्या, काकू पाकीट हातात धरून देवघराकडे बघत उभ्या राहिल्या. सून समजावतेय, "आई, हे मासळी नाही, शेवाळ आहे, पाण्यातली वनस्पती." काकूंनी फार वेळ विचार केला. मग निकाल दिला. "शेवाळ म्हणजे पालाच. पाला चालतो."

मग तेलाची पाळी. तिळाचं तेल घरात होतं, पण ते शनिवारी मारुतीला घालायचं. त्याला हात लावायचा नाही. शिवाय कोरियन तेल भाजलेल्या तिळाचं असतं, त्याला एक खमंग वास असतो, आपलं तसं नाही. सुनेनं काय करावं? तीळ कढईत भाजले, तडतडायला लागले की उतरवले, कुटले, आणि साध्या तेलात कोमट करून ठेवले. तो वास इथपर्यंत आला होता. मला वाटलं संक्रांत आली.

आता भात. इथं खरी काकूंची हुशारी, मी मानते हो त्यांना. सून कुठला तरी महागडा जपानी तांदूळ मागवणार होती. काकू म्हणाल्या, "चिकट भात पाहिजे ना? मग इंद्रायणी काय मेलाय का?" आपल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात निघालेला तांदूळ, 1987 साली आला, आंबेमोहोर त्याच्या आईबापांत एक. आपण एरवी काय म्हणतो? इंद्रायणी गिचका होतो. पुलावाला चालत नाही. बरोबर, पण इथं गिचकाच हवा होता ना! आणि त्यातही नवा. जुना तांदूळ मोकळा होतो, नवा पकडून धरतो. कामशेतहून आलेलं पोतं होतंच त्यांच्याकडे. भात असा जमला म्हणे, चकत्या कापल्या तर एक शीत सुटं झालं नाही. आत गाजर, काकडी, पालक आणि अंड्याऐवजी पनीर. किमची पण केली हो, साध्या कोबीची. त्यांच्यात मासळीचा रस घालतात, तो वगळला. रंगाला ब्याडगी, म्हणजे लाल दिसेल पण नाकातून पाणी येणार नाही. बरणीचं झाकण मात्र सकाळी आपोआप फट्कन उडालं, कोबी आंबून फसफसला होता. काकू म्हणाल्या, "जिवंत आहे वाटतं."

हे सगळं सुनेचं. गोडाचं मात्र काकूंनी स्वतःकडे घेतलं. म्हणाल्या, "त्या ओव्हनला मी दाखवते." सकाळी लवकर अंघोळ करून बसल्या. तूप आधी थिजवून घेतलं, वितळलेलं नाही घ्यायचं, नाहीतर नानकटाई ट्रेत पसरते. परातीत तूप आणि पिठीसाखर, आणि तळहातानं फेसायला लागल्या. मी गेले होते ना विरजण मागायला, तेव्हा बघितलं. हाताची टाच पुढे रेटायची, ओढून घ्यायची, परत रेटायची. पिवळसर तूप बघता बघता पांढरं होत जातं, फुगतं, बोटाला हलकं लागतं. सून म्हणाली, "आई, बीटर आहे." काकू म्हणाल्या, "असू दे." मग मैदा, थोडा रवा, थोडं बेसन, चिमटीभर सोडा, वेलदोडा. पाणी नाही, दूध नाही. गोळा मुठीत धरला तर राहतो आणि अंगठ्यानं दाबला तर कडेला चिरतो, तिथं थांबायचं. हे काही कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत हो, चीर दिसली पाहिजे.

ट्रे भरला. ओव्हन तापायला लावला. लाल दिवा लागला. आणि गेली लाईट.

गुरुवार! सांगतेय काय मग मी मघापासून! सगळ्यांना माहिती असतं, मेसेज येतो, तरी दर वेळी आपण असे दचकतो की जणू पहिल्यांदाच गेली. सून रडकुंडीला. लेक म्हणाला, "मी बेकरीतून आणतो काहीतरी." तेव्हा काकूंनी जे बघितलं त्याच्याकडे! म्हणाल्या, "बेकरीतलं आणायचं असतं तर मी पहाटे उठले नसते." आणि माळ्यावरून जुना कुकर काढला, तो मोठा, हॉकिन्सच्या आधीचा. शिट्टी काढली, रिंग काढली. तळाला जाड मिठाचा थर, त्यावर कडं, झाकण नुसतं ठेवून मंद आचेवर तापवला. मग ताटलीत मावतील तेवढ्या नानकटाया ठेवायच्या, झाकायचं आणि हात लावायचा नाही. एका वेळी थोड्याच होतात. सकाळभर तेच. एक घाणा काढला की दुसरा. आणि बरं का, मऊ असतानाच काढल्या, बाजूला पेपरवर ठेवल्या, आणि सुनेनं बोट पुढे केलं तर तिच्या हातावर चापट! गार झाल्यावर म्हणे दाताशी नेली की विरघळतेय. त्या मिठाचं काय झालं विचारताय? गाळून बरणीत भरून ठेवलं, जेवणात चालत नाही पण पुढच्या भाजणीला चालतं. वाया घालवतील त्या काकू कसल्या.

रात्री साहेब यायचे आठला. चाकणहून निगडी! तो तळेगाव चौक, ते कंटेनर, मग तळवड्याचा रस्ता, अहो, आठला कोण येतंय? पावणेदहा झाले. काकूंचा उपास, पोटात काही नाही, पण चेहऱ्यावर कळू दिलं नाही. आला तो मात्र… काय सांगू! दारातच बूट काढले. कुणी सांगितलं नाही हो, आपण होऊन. आणि नीट जोडून, टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवले. काकू तिथंच अर्ध्या विरघळल्या. त्यांचा स्वतःचा जावई बूट घालून सोफ्यापर्यंत जातो, ते सगळ्यांना माहितीये. पाण्याचा पेला दिला तर दोन्ही हातांनी घेतला, तीर्थ घेतो तसा. काकू आत येऊन म्हणाल्या, "चांगल्या घरचा आहे."

मग ताटं वाढली. आणि इथं घोटाळा झाला. तो जेवेचना! पुढ्यात सगळं वाढलंय, हात मांडीवर ठेवून बसलाय, नुसता हसतोय. लेक म्हणतो, "प्लीज, सुरू करा." तो मान हलवतो नि काकूंकडे बघतो. काकू वाढायला उभ्या, त्या म्हणतात, "घ्या ना, संकोच करू नका." तो परत हसतो. भात गार होतोय, लेकाच्या कपाळावर घाम. त्याला वाटलं, किमचीत काहीतरी चुकलं, आता उद्या कंपनीत काय होणार. सुनेचा चेहरा तर त्या खाऱ्या कुकीच्या दिवसापेक्षा वाईट. मग तिच्याच डोक्यात उजेड पडला. कोरियन मालिका बघते ना ती! त्यांच्यात घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी जेवत नाही. आणि आपल्याकडे? पाहुणा जेवल्याशिवाय घरची बाई बसत नाही! म्हणजे दोघंही एकमेकांसाठी थांबलेली. हे असं सकाळपर्यंत चाललं असतं.

सून काकूंच्या कानात पुटपुटली. काकू बघतायत टेबलाकडे, बघतायत त्या काळ्या चकत्यांकडे. शेवाळ! पाला म्हणून निकाल दिलेला, पण खायचा विचार कुठं केला होता? आणि त्यानंच उपास सोडायचा? पण पाहुणा उपाशी. बसल्या. डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि एक चकती तोंडात घातली. सगळे बघतायत. चावतायत… चावतायत… मग म्हणाल्या, "अळूवडी व्हायची राहिली." आणि दुसरी उचलली! त्याबरोबर तो साहेब जो जेवायला लागला, वर बघायचं नाव नाही. किमची दोनदा घेतली. भात कुठला विचारलं. सुनेनं सांगितलं, इंद्रायणी. त्यानं फोनमध्ये लिहून घेतलं, परत म्हणून दाखवलं, "इन्-द्रा-या-नी." आता आळंदी-देहूला वाहते ती नदी, तिची दशा काय झालीय ते आपण फेस बघतोच दरवर्षी, पण नाव तरी निघालं कोरियाला.

आणि अशा वेळी बेल वाजली. कोण असेल? रात्री साडेदहाला वाटी परत करायला! कुठली वाटी, कधीची वाटी, त्या माऊलीलाच ठाऊक. कोपऱ्यावरच्या वहिनी. साहेब आलेत हे गाडी बघून कळलं असणार. नेमक्या नानकटाया पुढे आल्या होत्या. साहेबानं एक दोन्ही हातांनी घेतली, खाल्ली, डोळे मिटले, दुसरी घेतली. वहिनींनाही बशी पुढे केली. त्यांनी खाल्ली. मी सांगते, एक क्षणभर त्या खरंच विसरल्या की त्या कोण आहेत. मग भानावर आल्या आणि विचारलं, "कुठल्या बेकरीची हो ही?"

काकूंनी उत्तर द्यायला अजिबात घाई केली नाही. बशी खाली ठेवली, पदर नीट केला. "घरची," म्हणाल्या. "लाईट नव्हती ना, कुकरात केली."

चेहरा पडला म्हणजे कसा… अहो, त्यांच्या बोर्डावर लिहिलंय ‘प्रोफेशनल ओव्हनवर प्रशिक्षण’! आणि वर सून काय म्हणाली असेल? गोड आवाजात, "खारी बिस्किटं नाही जमली हं या वेळी." मी असते तर टाळ्या वाजवल्या असत्या.

मला वाटलं, संपलं. कुठलं! परवा वहिनींच्या ग्रुपवर आलंय, वाचलंत का? नाही, तुम्ही गावाला होतात. नवीन बॅच. ‘आजीच्या पद्धतीची पारंपरिक नानकटाई, ओव्हनशिवाय, कुकरमध्ये.’ वर फोटो. बशी कुणाची ओळखा! काकूंचीच, ती निळ्या काठाची! त्या रात्री कधी फोटो काढला कुणास ठाऊक. सून चिडली, लेक म्हणाला जाऊ दे. काकू मात्र शांत. म्हणाल्या, "त्या अमेरिकेच्या बाईला निदान चॉकलेट तरी मिळालं."

आणि काल संध्याकाळी काय केलं माहितीये? फी भरली! काकूंनी! वहिनींच्या घरी स्वतः जाऊन, रोख, पावती घेऊन. रविवारची बॅच. वहिनी नको नको म्हणत होत्या, तुम्हाला कशाला शिकायला हवं, तुम्ही तर… पण काकू म्हणाल्या, "नाही नाही, मला शिकायचंय. चीर कधी पडते ते तुम्ही कसं सांगता, ते बघायचंय." पहिल्या खुर्चीवर बसणार आहेत. मी पण नाव घातलंय. तुमचं घालू का?